ताबा दिला, पण विहिरीचा हक्क राहिला : कर्नल आणि फर्मवेअर

प्रश्न कुपवाड एमआयडीसीतून आलाय. एका कारखान्यात मशीन कंट्रोलची देखभाल बघणारा तरुण इंजिनिअर विचारतो: औद्योगिक पीसीवर साधं लिनक्स होतं तोवर चालू मशीनवरूनच बूटचा क्रम (आधी कुठून सुरू व्हायचं तो) बदलता येत होता. सर्व्हो (अचूक फिरणाऱ्या मोटरी) नीट चालावेत म्हणून रिअल-टाइम कर्नल, म्हणजे तातडीचं काम वेळेत करणारा लिनक्सचा गाभा, टाकला, आणि तेव्हापासून ती कमांड 'ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड ऑन धिस सिस्टिम' एवढं बोलून थांबते. व्हेरिएबल्सचं फोल्डर जागेवर आहे, पण रिकामं. मदरबोर्ड गेला का? आणि मशीन एकदा सुरू झाल्यावर कर्नलचा बायोसशी, म्हणजे बोर्डवरच्या चिपमधल्या सुरुवातीच्या प्रोग्रामशी, संबंधच काय उरतो?

आधी जीव भांड्यात पडू दे. बोर्ड धडधाकट आहे. तुमच्या नव्या कर्नलने ते दार स्वतःहून लावून घेतलंय, आणि तुमच्या कामासाठी ते योग्यच आहे. उघडायचं कसं ते शेवटी सांगतो. पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे, आणि तो कळला की पहिल्याचं उत्तर आपोआप मिळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'बायोस फक्त सुरुवातीपुरता' असं आपण शिकलो, आणि जुन्या यंत्रांबाबत ते जवळजवळ खरं होतं. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून आलेला बायोस १६ बिटी पद्धतीने चालायचा आणि त्याला हाक मारायची ती इंटरप्टने, म्हणजे प्रोसेसरला मध्येच थांबवणाऱ्या इशाऱ्याने. डिस्क वाचायला १३ नंबरचा, पडद्यावर लिहायला १० नंबरचा (दोन्ही आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे). कर्नल एकदा ३२ बिटी झाला की ही हाक मारणं अवघड होऊन बसे. त्यामुळे कर्नल निघायच्या आधीच हवी ती माहिती गोळा करायचा. त्यात सगळ्यात महत्त्वाची 'ई८२०' नावाची हाक, म्हणजे मेमरी कुठे किती आहे ते विचारण्याची. ती यादी घेतली की बायोसला रामराम.

बायोसच्या जागी यूईएफआय ही नवी पद्धत आल्यावर हे बदललं. इंटेलने नव्वदच्या दशकाच्या शेवटी इटानियम प्रोसेसरसाठी ईएफआय बनवलं आणि २००५ मध्ये यूईएफआय फोरमकडे ते काम गेलं. आता फर्मवेअर, म्हणजे बोर्डवरच्या चिपमधला हा प्रोग्राम, स्वतःच एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि कर्नल तिच्या दृष्टीने एक प्रोग्राम. हे अगदी शब्दशः घ्या. तुमच्या मशीनवरच्या कर्नलच्या फाइलचे पहिले दोन बाइट उघडून बघा, तिथे 'एम' आणि 'झेड' ही अक्षरं दिसतील. विंडोजच्या 'ईएक्सई' फाइलच्या सुरुवातीला असतात तीच. लिनक्सची फाइल हा वेष घालते, कारण फर्मवेअरला तोच ओळखता येतो. लिनक्सच्या ३.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय कर्नलमध्येच आहे.

फर्मवेअर कर्नलला उठवतं तेव्हा हातात दोनच गोष्टी देतं: एक तुझी ओळख, आणि दुसरा सिस्टिम टेबलचा पत्ता. या टेबलातून दोन सेवा-याद्यांकडे वाटा जातात. एक बूट सर्व्हिसेस, म्हणजे मेमरी मागणं, डिस्क वाचणं, पडदा वापरणं. दुसरी रनटाइम सर्व्हिसेस. पहिली यादी ताबा देईपर्यंतच चालते, दुसरी कर्नल चालू असेपर्यंत. तुमचा प्रश्न या दुसऱ्या यादीचा आहे.

पण ताबा दिला जातो तो क्षण बघण्यासारखा असतो. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार होताना आधी ताजा सातबारा काढतात. कुठला गट कोणाच्या नावावर, इतर हक्कात काय नोंद, हे बघितल्याशिवाय खरेदीखत होत नाही. कर्नल हेच करतो. 'गेट मेमरी मॅप' म्हणून फर्मवेअरकडे मेमरीचा सातबारा मागतो. त्यात प्रत्येक तुकड्यापुढे नोंद असते: हा मोकळा, हा बूट सर्व्हिसेसचा, यात एसीपीआयची (हार्डवेअरच्या माहितीची, पुढे सांगतो) टेबलं आहेत ती वाचून झाली की जागा तुझी, आणि हा रनटाइम सर्व्हिसेसचा, याला हात लावायचा नाही. ही शेवटची नोंद म्हणजे इतर हक्कातली विहीर. जमीन तुमच्या नावावर झाली तरी विहिरीकडची वाट आणि पाणी जुन्या मालकाचं राहतं. कर्नलला ती जागा कायम सांभाळावी लागते.

सातबाऱ्याबरोबर फर्मवेअर एक आकडा देतं, त्याला मॅप की म्हणतात. मी त्याला फेरफार नंबर समजतो. कर्नल 'एक्झिट बूट सर्व्हिसेस' म्हणतो, म्हणजे खरेदीखतावर सही करतो, तेव्हा हा आकडा परत द्यावा लागतो. मधल्या काळात मेमरीचा एखादा तुकडा जरी कुणी मागितला किंवा सोडला असेल, तर नवा फेरफार पडलेला असतो आणि फर्मवेअर सही नाकारतं: तुमचा उतारा जुना झाला, नवा काढा. गंमत बघा, नवा उतारा ठेवायला जागा मागितली तरी फेरफार पडतो! म्हणून अनुभवी माणूस जागा आधीच थोडी जास्त मागून ठेवतो, मग उतारा घेतो आणि दुसरं काहीही न करता लगेच सही करतो. पहिल्या फटक्यात नकार आला तर पुन्हा उतारा, पुन्हा सही. स्वतःचा बूटलोडर (कर्नलला उचलून सुरू करणारा प्रोग्राम) लिहिणारी मुलं इथे हमखास अडकतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हा भाग आधी वहीत काढायला लावतो.

सही झाल्यावर बूट सर्व्हिसेसची जमीन मोकळी व्हायला हवी. कागदावर होते. प्रत्यक्षात कित्येक फर्मवेअर ताबा दिल्यानंतरही त्या जागेत डोकावतात. लिनक्सवाल्यांना हे २०११ च्या सुमारास ठेच लागून कळलं. तेव्हापासून कर्नल ती जागा लगेच वापरायला घेत नाही. पुढची एक पायरी पार पडेपर्यंत राखून ठेवतो, मगच सोडतो. ती पायरी म्हणजे 'सेट व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस मॅप'. कर्नल फर्मवेअरला सांगतो की यापुढे तुझी विहीर मी या नव्या पत्त्यावर मांडलीय, तुझ्या आतले सगळे पॉइंटर (साठवलेले पत्ते) तसे बदलून घे. ही हाक अख्ख्या बूटमध्ये एकदाच मारता येते, चुकली तर परत संधी नाही.

आता एसीपीआयबद्दल थोडं, कारण बोलण्याची ती दुसरी तऱ्हा आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी हे मानक आणलं. यात फर्मवेअर कर्नलसाठी कागदांची पेटी ठेवून जातं. कोर किती, इंटरप्ट कसे जोडलेत, पॉवर बटणाचं काय करायचं. काही कागद नुसते तक्ते असतात, पण 'डीएसडीटी' नावाच्या कागदात चक्क प्रोग्राम असतो, एएमएल या बाइटकोडमध्ये लिहिलेला, म्हणजे प्रोसेसर थेट चालवत नाही, इंटरप्रिटर नावाचा दुसरा प्रोग्राम वाचून चालवतो असा. लॅपटॉपवर बॅटरीचा टक्का दिसतो तो असा: कर्नल त्या कागदातली 'बीएसटी' ही पद्धत स्वतःच्या इंटरप्रिटरमध्ये चालवतो, ती पद्धत एम्बेडेड कंट्रोलर या बोर्डवरच्या छोट्या चिपला ६२ आणि ६६ (हेक्स) या पोर्टांवरून विचारते, आणि चार आकडे परत येतात: चार्ज होतंय की उतरतंय, किती वेगाने, शिल्लक किती, व्होल्टेज किती. लिहिणारं फर्मवेअर, पण चालवणारा हात कर्नलचा. म्हणजे लगाम कर्नलकडेच. या कागदांतून फर्मवेअर उलट प्रश्नही विचारतं: तू कुठली विंडोज आहेस? लिनक्स बहुतेक नावांना 'हो' म्हणतं. हे फसवणं नव्हे. बोर्ड बनवणाऱ्यांनी त्याच वाटेवर कोड तपासलेला असतो, म्हणून तीच वाट सुरक्षित.

रनटाइम सर्व्हिसेसची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे बाइटकोड नाही, फर्मवेअरचा खराखुरा मशीन कोड असतो आणि कर्नल थेट त्यात उडी मारतो. वेळ वाचणं-लावणं, मशीन रीसेट करणं, फर्मवेअरचं अपडेट 'कॅप्सूल' म्हणून देणं, आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी सेवा म्हणजे व्हेरिएबल वाचणं-लिहिणं. उडी मारायची तयारी मोठी असते. फर्मवेअरचा पत्ता कर्नलच्या नेहमीच्या नकाशात नसतो, म्हणून वेगळं पेज टेबल (पत्त्यांचा नकाशा) चढवावं लागतं. बोलण्याची रीत वेगळी: लिनक्स पहिलं आर्ग्युमेंट (हाकेबरोबर द्यायची माहिती) 'आरडीआय' रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका खणात, देतं, यूईएफआयला ते मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीप्रमाणे 'आरसीएक्स'मध्ये लागतं. अक्षरंही प्रत्येकी दोन बाइटांची. एका वेळी एकच हाक, म्हणून कर्नल कुलूप लावतो आणि सगळ्या हाका एका रांगेत उभ्या करतो. शिवाय एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरवर, फ्लोटिंग पॉइंटची (दशांश आकड्यांची) रजिस्टरं राखताना प्रीएम्प्शन बंद होतं. म्हणजे फर्मवेअर परत येईपर्यंत त्या कोरवर दुसरं कुठलंही काम घुसू शकत नाही, मग ते कितीही तातडीचं असो.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, तुमच्या रिकाम्या फोल्डरचं कारण त्यातच आहे.

व्हेरिएबल म्हणजे नेमकं काय, ते एकदा जवळून बघा. साध्या कर्नलवर बूट क्रमाची फाइल हेक्समध्ये उघडली. विश्रामबागेत माझ्या टेबलावरच्या मशीनवर दहा बाइट निघाले: ०७ ०० ०० ०० ०३ ०० ०० ०० ०१ ००. पहिले चार बाइट म्हणजे हक्कांची नोंद. सात म्हणजे एक अधिक दोन अधिक चार: वीज गेली तरी टिकायचं, बूट सर्व्हिसेसना दिसायचं, रनटाइमलाही दिसायचं. यातला चार नसता तर ताबा मिळाल्यानंतर कर्नलला हे व्हेरिएबल दिसलंच नसतं. उरलेले सहा बाइट दोन-दोनच्या जोड्यांनी आणि उलटे वाचायचे: ३, ०, १. म्हणजे आधी 'बूट०००३' नावाची नोंद, ती जमली नाही तर 'बूट००००', मग 'बूट०००१'. तुमची कमांड एवढंच करते, हे आकडे मागेपुढे करते.

हे आकडे राहतात कुठे? मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये, जिथे फर्मवेअर स्वतः राहतं. २०१९ च्या महापुरानंतर गाळ धुऊन वाळवलेले कितीतरी बोर्ड माझ्याकडे आले, आणि प्रत्येकाने आधी नाणं-सेल काढून बघितलेला. जुन्या बायोसच्या सेटिंग्ज त्या सेलच्या जिवावर टिकायच्या, म्हणून ती सवय. घड्याळ अजूनही त्याच सेलवर चालतं. पण बूटच्या नोंदी फ्लॅशमध्ये असतात. सेल काढला म्हणून त्या जातीलच असं नाही.

या चिपशी जपून वागावं लागतं. २०१३ च्या आसपास काही लॅपटॉप व्हेरिएबलची जागा भरत आली की कायमचे बंद पडल्याचं उघड झालं. तेव्हापासून लिनक्स एक्स८६ वर सुमारे पाच किलोबाइट जागा शिल्लक राहणार नसेल तर नवं लिहायलाच नकार देतं. २०१६ मध्ये आणखी एक धडा मिळाला. कुणी सगळ्या फाइली पुसण्याची आज्ञा मुळापासून दिली तर त्या झाडूत हे फोल्डरही येई, आणि काही मशीन पुन्हा उठेनात. म्हणून आता त्यातल्या बहुतेक फाइलींना 'बदलू नये' अशी खूण लावलेली असते. ती काढल्याशिवाय रूटलाही, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही, पुसता येत नाही. इंटरनेटवर वाचून ती खूण काढणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: नेमकं कुठलं व्हेरिएबल आणि का, हे ठाऊक असल्याशिवाय काढू नका.

आता वेळेचा मुद्दा. फ्लॅशवर लिहायला वेळ लागतो, आणि ते लिखाण कुणीही करू नये म्हणून बहुतेक एक्स८६ बोर्डांवर ते सिस्टिम मॅनेजमेंट मोडमध्ये होतं. एक खास इंटरप्ट येतो, सगळे कोर थांबतात, फर्मवेअर आपलं काम उरकतं, मग कोर सुटतात. कर्नलला यातलं काहीही दिसत नाही. त्याच्या लेखी मधला वेळ नुसता नाहीसा होतो.

हे मी मिरजेतल्या एका वर्कशॉपमध्ये स्वतः भोगलंय. प्लाझ्मा कटिंगचं मशीन, स्टेपर मोटरचे पल्स पीसीतूनच निघत होते. पत्रा कापताना कडेवर मधूनच बारीक खाच पडायची. मालकाने बेल्ट बदलला, ड्राइव्ह बदलला, अर्थिंग नव्याने केलं. खाच तशीच. मी दोन दिवस कर्नलच्या सेटिंग्ज उलटसुलट केल्या, तरी काही नाही. मग लिनक्समधला 'एचडब्ल्यूलॅट' हा ट्रेसर लावला. तो दर सेकंदातला अर्धा सेकंद इंटरप्ट बंद करून घड्याळ एकसारखं वाचत बसतो. सलग दोन वाचनांत फट पडली तर ती कर्नलची नव्हे, खालून कुणीतरी वेळ नेलेला असतो. फटी दिसल्या, साधारण पाव मिलिसेकंदाच्या. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ३४ (हेक्स) नंबरचं एक रजिस्टर वर सांगितलेले ते खास इंटरप्ट मोजतं. ते बघितलं तर आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता. फर्मवेअरच्या सेटअपमध्ये यूएसबी कीबोर्डला जुन्या पद्धतीचा भासवणारी सोय चालू होती. ती बंद केली आणि आकडा थांबला. दुपारी पत्रा कापला, कड अशी आली की मालक बोटाने चाचपत राहिला.

एक सावधगिरी मात्र सांगतो. हे इंटरप्ट सरसकट बंद करायच्या युक्त्या सापडतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. काही बोर्डांवर तापमानाची राखण त्यांच्यावरच असते. कारण शोधून तेवढंच बंद करा.

तुमच्या कर्नलकडे परत येतो. रिअल-टाइम लिनक्स, जे ६.१२ आवृत्तीपासून म्हणजे २०२४ पासून मूळ कर्नलमध्येच आहे, एकच वचन देतं: तातडीचं काम ठरलेल्या वेळात सुरू होईल. फर्मवेअरच्या कोडमध्ये उडी मारल्यावर ते वचन पाळणं कर्नलच्या हातात राहत नाही. परत कधी येणार हे फर्मवेअरच्या मर्जीवर. म्हणून रिअल-टाइम कर्नल रनटाइम सर्व्हिसेस मुळातच बंद ठेवतो. सेवा बंद म्हणजे व्हेरिएबल वाचता येत नाहीत, म्हणून फोल्डर रिकामं, म्हणून तो निरोप. सुरुवातीच्या बूट सर्व्हिसेस, सातबारा, नंतरचं एसीपीआय, हे सगळं नेहमीसारखंच होतं. फक्त विहिरीच्या वाटेवर कर्नलने फाटक घातलंय.

करायचं काय ते सांगतो. आधी खात्री करा: सिस फोल्डरातल्या फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर आहे ना? तेच नसेल तर मशीन जुन्या बायोस पद्धतीने उठलंय, मग पुढचा उपाय लागू नाही. तुम्ही सांगता त्यावरून ते आहे. मशीन थांबवा आणि सर्व्होची वीज काढा, हे वगळू नका. बूट मेनूत 'ई' दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी 'ईएफआय=रनटाइम' जोडा, अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. कंट्रोल-एक्सने बूट करा. ही जोडणी एका बूटपुरतीच राहते. क्रम बदला, बदल झाला का ते पुन्हा वाचून बघा, मशीन रीस्टार्ट करा. फाटक आपोआप बंद. जुना साधा कर्नल अजून डिस्कवर असेल तर त्यातून बूट करूनही हेच काम होईल, आणि नवख्याला मी तोच मार्ग सुचवेन. कायमच्या सेटिंगमध्ये मात्र हे लिहून ठेवू नका. सहा महिन्यांनी कुठलं तरी अपडेट उत्पादन चालू असताना व्हेरिएबल लिहायला जाईल आणि खाच कुठून आली ते शोधत बसाल.

आणि ही मशीन लांबच्या शेडमध्ये, माणूस पटकन पोहोचणार नाही अशा ठिकाणी असतील तर आणखी एक करा. ईएफआय पार्टिशनवर ईएफआय फोल्डरात 'बूट' नावाचं फोल्डर करून त्यात बूटलोडरची एक प्रत 'बूटएक्स६४.ईएफआय' या नावाने ठेवा. 'शिम' आणि 'ग्रब' असे बूटलोडरचे दोन तुकडे असतील तर दोन्ही तिथे हवेत. बूटच्या नोंदी काही कारणाने नाहीशा झाल्या तर बहुतेक फर्मवेअर हाच ठरलेला पत्ता शोधतात. नवं मशीन लावताना मी आधी ही प्रत ठेवतो, मग व्हेरिएबलच्या नोंदी मुद्दाम काढून एकदा बूट करून बघतो, आणि ते उठलं तरच पॅनेलचं झाकण लावतो.